बाई गेल्या आणि पाणी सुधारलं

जंतूबाई निवृत्त झाल्या आणि शहराचं पाणी सुधारलं. हा विनोद आरोग्य खात्यात इतका चालला की फिरत फिरत त्यांच्या नवऱ्यापर्यंत आला, आणि नवऱ्यानं तो जेवताना त्यांच्या ताटात वाढला.

"ऐकलंत का बाईसाहेब? तुम्ही होतात तोवर दर महिन्याला कुठलं ना कुठलं पाणी नापास. तुम्ही घरी बसलात आणि सगळं शहर पास! जंतू तुमच्याच पर्समध्ये होते म्हणतात."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पाण्याचा पेला उचलला, सवयीनं उजेडात धरला आणि खाली ठेवला.

"दिसलं काही?"

"जंतू दिसत असते तर मला पगार कशाला दिला असता?"

पण घास तोंडातच फिरत राहिला. नळ तेच होते. गटारं तीच होती, आणि खालच्या वस्तीत नळाचा पाइप गटाराच्या अंगावरूनच जात होता. अशा शहराचं पाणी आपोआप सुधारत नाही.

बाईंचं सगळं आयुष्य दवाखान्यामागच्या एका लांबट खोलीत गेलं होतं. खिडक्यांना दुधी काच, भिंतीला ओल आणि जळलेल्या साखरेसारखा एक वास, जो साडीतून, केसांतून, शेवटी स्वभावातूनही जाईना. शहरभरातून बाटल्यांत पाणी यायचं. बाई ते जांभळ्या द्रवाच्या नळ्यांमध्ये सोडायच्या आणि नळ्या उबेला ठेवायच्या. जांभळं जांभळंच राहिलं तर ठीक. पिवळं पडलं आणि आतल्या इवल्या नळीत बुडबुडा धरला, तर त्या पाण्यात माणसाची घाण मिसळली असण्याचा दाट संशय. पुढच्या तपासणीत तो बहुधा खरा ठरायचा. हा बुडबुडा बाईंच्या आयुष्याचा विषय होता. त्याच्यासाठी त्यांनी दवाखान्याचीच टाकी बंद पाडली होती, एका नगरसेवकाला त्याच्याच दारातल्या नळाचं पाणी पिऊन दाखवा म्हणून सुनावलं होतं, आणि वरिष्ठांनी त्यांना पाण्यात पाहावं याची कायमची सोय करून ठेवली होती.

लग्नाकार्यात त्यांच्या शेजारी बसायला कुणी धजत नसे. त्या पाण्याकडे नुसत्या बघायच्या आणि चार जणांची तहान मरायची. नळ्या पोरांसारख्या सांभाळल्या आणि पोर व्हायचं राहूनच गेलं, असं नातेवाईक म्हणत. नवरा यावर काही बोलत नसे, आणि बाईंना ते बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

मूल म्हणून जे काही होतं ती भाची, धाकट्या बहिणीची मुलगी. शिकायला मावशीकडे आली आणि राहिली. बाईंनीच तिला त्या खोलीत आणलं. बाटली कशी धरायची, झाकण करंगळीत कसं पकडायचं, अहवालात 'पाण्यात जंतू नाहीत' असं कधीच का लिहायचं नाही, हे सगळं शिकवलं. 'आढळले नाहीत' लिहायचं. "नाहीत म्हणणारे आपण कोण गं? आपल्याला सापडले नाहीत, एवढंच आपलं खरं."

रविवारी भाची आली तेव्हा बाईंनी चहा व्हायचीही वाट पाहिली नाही.

"पाणी कुठं मुरतंय?"

भाचीला कळलं. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. "मावशी, बाटल्या बदलल्यात. तयार येतात आता. प्लास्टिकच्या, सीलबंद."

"आणि थायो?"

"नसतं त्यात."

बाई खुर्चीत मागं रेलल्या. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. पाणी बाटलीत भरलं तरी ते आपलं काम थांबवत नाही. नळाशी जिवंत असलेले जंतू बाटली प्रयोगशाळेत पोचेपर्यंत वाटेतच मरतात. म्हणून आधी बाटलीत थायोचे थेंब घालायचे. ते क्लोरीनला तिथल्या तिथे गप्प करतं आणि माणूस जे पाणी पितो, तेच तपासायला मिळतं. बाईंच्या काळात बाटल्या धुणारी बाईसुद्धा ओरडून विचारायची, थायो घातलं का?

"म्हणजे पाणी गाडीत सुधारतंय," बाई म्हणाल्या.

"चुकून झालं सुरुवातीला. कुणाच्या ध्यानातच आलं नाही. माझ्या आलं तेव्हा मी साहेबांना सांगितलं."

"मग?"

"ते म्हणाले, पास व्हायची सवय लागलीय लोकांना."

साहेब स्वतःच त्या आठवड्यात घरी आले, फुलांचा गुच्छ घेऊन. प्रयोगशाळेला नवं सभागृह होत होतं आणि त्याला बाईंचं नाव द्यायचं ठरलं होतं.

"मॅडम, आज जी कामगिरी दिसतेय, तिचा पाया तुमचा आहे."

"बाटल्यांत थायो नाही."

"बाटल्या एकदम निर्जंतुक आहेत, मॅडम."

"तीच तर पंचाईत आहे. आतलं पाणीही निर्जंतुक होऊन येतंय."

साहेबांनी स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली आणि आवाज उतरवला. "आता मागचे सगळे अहवाल चुकीचे होते, असं मी जाहीर करू? लोक मला फाडून खातील."

"हो. जाहीर करा."

"तुम्ही पहिल्यापासूनच विनोदी," साहेब म्हणाले आणि उठले.

बाईंनी खात्याला लेखी कळवलं: थायो सुरू होईपर्यंत माझं नाव कुठंही लावू नये. दोन दिवसांनी वर्तमानपत्रात चौकट आली. प्रसिद्धीपराङ्मुख शास्त्रज्ञेचा साधेपणा, सभागृहाला नाव देण्यास विनम्र नकार. मजकुरात थायोचं नावही नव्हतं. नवऱ्यानं ती चौकट मोठ्यानं वाचली आणि म्हणाला, "विनम्र! तुम्ही! ह्यांनी तुम्हाला कधी भाजी घेताना पाहिलं नाही वाटतं."

मग उरली फक्त भाची.

"खालच्या वस्तीचे नमुने घे. एकदाच. आपल्या जुन्या काचेच्या बाटल्यांत, थायो घालून," बाई म्हणाल्या.

"मावशी, माझी कायम व्हायची ऑर्डर टेबलावर आहे. त्यांच्या टेबलावर."

"वस्तीत पोरं ते पाणी पितायत."

"मला माहीत नाही का? पण नोकरी गेली तर आईचं कसं करू? तिला काय, बुडबुडे खायला घालू?"

बाईंनी तेव्हा थांबायला हवं होतं. नवरा दारात उभा राहून मानेनंच नको म्हणत होता.

"मग तुला शिकवलं कशाला मी?" बाई म्हणाल्या.

भाचीच्या तोंडावरचा रंग उतरला. ती चपला घालून गेली. आपण टाकलेला शब्द कुठं लागतो ते बाईंना नेमकं ठाऊक होतं. त्यांनीच तर ती जागा वर्षानुवर्षं घडवली होती.

पुढच्या आठवड्यात फोन आला. भाची फक्त एवढंच म्हणाली, "सगळ्या पिवळ्या. एकूण एक."

आणि बाईंच्या छातीत आनंद उसळला. वस्तीतली पोरं नंतर आठवली. आधी फक्त एवढंच: मी म्हणत होते. मी म्हणत होते! त्यांनी फोन ठेवला. आरशात एक म्हातारी हसत होती. तिचं हसू बाईंना बघवलं नाही.

साहेबांनी अहवाल हातात घेतला, वाचला आणि त्याच्यावर एक ओळ लिहिली: नमुना हाताळणीत दूषित झाल्याने ग्राह्य नाही. हात जिचे होते त्या भाचीची पाण्यातून बदली झाली, जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर. कायम व्हायची ऑर्डर कुठं गेली, ते कुणी विचारलं नाही. प्रयोगशाळेत तिच्या जागी एक नवा मुलगा आला, ज्यानं थायो हा शब्दच ऐकला नव्हता. सभागृहावर बाईंचं नाव लागलं. नकार विनम्र असल्यामुळे तो मानायचं कारण नव्हतं.

वस्तीत जुलाब सुरू झाले, मग तापही. पाण्याचे अहवाल चांगले होते, त्यामुळे दोष शिळ्या अन्नावर गेला. घरोघर पत्रकं वाटली: जेवणाआधी हात धुवा. कुठल्या पाण्यानं, ते त्यात नव्हतं.

बहिणीनं फोनवर एवढंच म्हटलं, "ताई, तुझं नाव लागलं ना भिंतीवर? मग झालं तर."

भाची फोन उचलेना, म्हणून बाई एका सकाळी त्या खिडकीवर गेल्या. रांगेतच उभ्या राहिल्या. पुढे माणसं सरकत होती, जाळीपलीकडे शिक्का आपटल्याचा आवाज येत होता. नंबर आला. भाचीनं वर पाहिलं. मावशीला पाहून तिला आनंद झाला नव्हता, आणि रागही आला नव्हता.

"कुणाचा दाखला?"

"अगं, मी आहे."

"दिसतंय. कुणाचा दाखला?"

"ऐक माझं. आपण वरपर्यंत जाऊ. मी साक्ष देते. सगळं लिहून देते. तुझी चूक नव्हती, बाटल्या बरोबर होत्या, मी स्वतः सांगते त्यांना."

"मावशी." भाचीनं शिक्का खाली ठेवला. "तू म्हणालीस तसं केलं मी. सगळं तुझ्या पद्धतीनं. आता मला काही शिकवू नकोस."

"मी तुझ्यासाठीच..."

"नाही. तुला तुझं पिवळं बघायचं होतं. मी दाखवलं."

बाईंनी जाळीत बोटं अडकवली होती. एवढ्या वर्षांत त्यांच्याकडे प्रत्येक शंकेला उत्तर असायचं, निदान पुढची तपासणी तरी असायची. मागच्या माणसानं घसा साफ केला. त्याच्या हातात घडी घातलेला कागद होता आणि तो कधीचा तसाच उभा होता.

"बाजूला हो," भाची म्हणाली, आणि मग जरा हलक्या आवाजात, "रांग मोठी आहे गं."

बाई बाजूला झाल्या. त्या माणसानं कागद जाळीखालून सरकवला. भाचीनं तो उलगडला, त्याच्याकडे न बघता पेन उचललं आणि विचारलं, "वय?"

"चार," तो म्हणाला.