ताराचंदभाऊचे उन्हाचे फोटो

आमचे हे लग्नाचे फोटो काढत, पण फ्लॅशचा बल्ब लावत नसत. साठ-सत्तरच्या त्या सालांत नागपूरचा दुसरा कोणताही फोटोवाला मांडवात आला की भप्पकन उजेड पाडे, आणि जळालेला काचेचा बल्ब तिथंच मातीत टाकून पुढे जाय. हेही आधी तसेच. मग पारशिवनीकडे एका वावरात लग्न झालं, मांडव निघाला, आणि नांगरताना तीच काच बैलाच्या खुरात घुसली. निरोप आला तसं ह्यायचं जेवण गेलं. तेव्हापासून बल्ब बंद म्हणजे बंद.

मग फोटो कशावर? तर उन्हावर. घरच्या मागावर विणलेली एक पांढरी चादर होती. नवरीच्या बाजूले मी ती ताणून उभी राहायची, चादरीवर ऊन पडे, चादरीवरून तिच्या तोंडावर. जायचं कसं, तर सायकलनं. मी मागं कॅरिअरवर, मांडीवर चादर. घरी फोटो धुतले की औषधाचं पाणी नालीत ओतायचं नाही, नाली विहिरीकडे जाते, शेजारपाजार तेच पाणी पितो, असं हे म्हणत. ते मडक्यात साठवायचं, आणि इतवारीतला, त्या पाण्यातली चांदी काढणारा कधी येईल याची वाट पाहायची. माझ्या घरात पिण्याच्या पाण्यापेक्षा त्या घाण पाण्याचीच मडकी जास्त, सांगा आता!

आणि वरून अट, दिवसाचं लग्न असलं तरच येईन. अर्धे लोक तिथंच पळत. मी भडकायची, "लोकायचा मुहूर्त रात्रीचा आणि तुम्हाले पाहिजे सूर्य! उपाशी मारता का आम्हाले?"

"उजेड फुकट पडून राहिला वं," हे म्हणत, "काहून जाळायचा?" असा थंड माणूस. भांडायची सोयच नाही.

त्या उन्हाळ्यात उमरेडले एका विणकराच्या घरचं लग्न होतं. पोट्टीचं नाव गोपिका. तिचा बाप लहानपणीच वारला, काका रुपराव यांनी वाढवलं. माणूस वाईट नव्हता, पण रीतीचा कडक. गोपिकेची माय प्रयागबाई सकाळपासून मागच्या सैपाकघरात बसून होती. विधवा ना. लग्न लागताना मांडवात यायचं नाही, अक्षता टाकायच्या नाही. पोट्टीच्या अंगावरचं लुगडं तिनंच विणलेलं, पण ते नेसलेली पोट्टी पाहायची नाही.

मी पाणी प्यायले आत गेली तर तिनं माझा हात धरला. "बाई, तुम्ही अगदी जवळ उभ्या राहता ना वं? अंतरपाट सुटल्यावर पोट्टी कशी दिसते ते मले येऊन सांगजा."

मी पाण्याचा गडू तसाच ठेवला. बाहेर येऊन ह्यायले सगळं सांगितलं. "आग लागो त्या रीतीले!" मी म्हटलं. हे आपले कॅमेऱ्याची काच पुसून राहिले. माझं डोकं अजूनच फिरलं.

नवरानवरी उभे राहिले तसं हे वर मांडवाकडे पाहून म्हणाले, "रुपरावजी, आंब्याचा पाला दाट झाला. एका चादरीनं भागत नाही, दुसरी पाहिजे. आणि धरायले माणूस."

"एवढे लोक आहेत गा ताराचंदभाऊ, सांगा कोणाले."

"कोणाले सांगू? सगळ्यायच्या हातात अक्षता. टाकायले हात सोडला की चेहरा काळा आलाच समजा. ज्याले अक्षता टाकायच्या नाही, असं घरात कोण आहे?"

असं घरात कोण आहे हे सगळ्यायले माहीत होतं. मी तर ह्यायच्या तोंडाकडे पाहतच राहिली. अरे बापा, हा माझाच नवरा का?

रुपराव लाल झाले. "मांडवात तिचं काम नाही."

"मांडवात कुठं? काठावर, उन्हात. अन् कापड ताणून धरायले मागावरचेच हात पाहिजे."

नवरदेवाचा बाप घाईले आलेला. "मुहूर्त टळून राहिला ना! बोलवा ज्याले बोलवायचं त्याले!"

रुपरावनी हातातल्या अक्षता ताटात ठेवल्या. मग स्वतःच आत गेले आणि वहिनीले घेऊन आले. एवढं मात्र त्यायचं मानलं.

प्रयागबाई डोक्यावर पदर अन् हातात घरची पांढरी चादर घेऊन आली. चादर अशी ताणली की एक सुरकुती नाही. मंगलाष्टकं झाली, अंतरपाट सुटला. गोपिकेनं मान वर केली आणि नवरदेवाकडे पाहायचं सोडून मायकडे पाहिलं. मायच्या डोळ्यातून धारा लागल्या, पण चादर हलली नाही. पोट्टीचं तोंड असं उजळलं म्हणता! ह्यायनं कळ दाबली.

हार घातले, वाजंत्री सुरू झाली, लोक पंगतीकडे वळले. रोल तिथंच संपला. हे एकच रोल आणत, मले माहीत होतं. मी माझी चादर खाली केली. प्रयागबाईनं केली नाही. होम पेटून राहिला होता, सप्तपदी बाकी होती. तिनं हळूच विचारलं, "भाऊ, अजून धरू का?"

मी सांगायले तोंड उघडलं, तर ह्यायनं माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प.

"धरा, बाई," हे म्हणाले. "अजून खूप फोटो आहेत."

आणि होम झाला, सातही पावलं झाली, तरी हे रिकामा कॅमेरा डोळ्यापुढं धरून कळ दाबत राहिले. "पोरी, चादरीकडे पाह्य," म्हणत राहिले. गोपिका पाहत राहिली, हसत राहिली. माझे हात भरून आले होते, पण मीही माझी चादर पुन्हा वर धरली.