टेलिफोनवाल्या मावशी आणि गल्लीची हजेरी

आमच्या गल्लीत कुणाच्या घरात काय शिजतंय हे मावशींना ठाऊक असतं, आणि त्या ते कुणालाही सांगत नाहीत. यातली दुसरी गोष्ट जास्त दुर्मिळ. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी उभी हयात काढली. दोन माणसांना जोडून द्यायचं आणि आपण बाजूला व्हायचं, ही तिथली शिस्त. निवृत्त झाल्यावर मुलाने स्मार्टफोन घेऊन दिला, तर बाईंनी अख्ख्या गल्लीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच काढला.

तिथेही तोच खाक्या. कुणाचा मिक्सर बिघडला, कुणाच्या पोराला शिकवणी हवी, की मावशी योग्य माणूस गाठून देणार आणि वर लिहिणार, "आता तुम्ही आपसात बोला." सुविचार आणि फुलांची चित्रं टाकणाऱ्याला आधी प्रेमाने सांगतात, मग सरळ ग्रुपबाहेर काढतात. माझ्या नवऱ्याला दोनदा काढलं आहे. मला त्याचं जराही दुःख नाही.

पण त्यांची खरी करामत म्हणजे हजेरी. गल्लीत एकटी राहणारी म्हातारी माणसं बरीच. सकाळचा चहा झाला की त्यांनी ग्रुपवर 'हजर' एवढंच टाकायचं. ज्याचं आलं नाही त्याच्या दारावर मावशी जाऊन थाप मारणार. सगळे निमूट टाकतात. अपवाद एकच, कोपऱ्यावरच्या घरातले कवायतीचे निवृत्त मास्तर. "मला ते बटणांचं जमत नाही," म्हणायचे. मग मावशी रोज गुडघा धरत त्यांच्या पायऱ्या चढायच्या, "आहात का?" विचारायच्या, आतून "आहे!" अशी आरोळी यायची, आणि परतताना मावशी माझ्यापाशी त्यांचा उद्धार करायच्या. "शिकवून शिकवून हात टेकले गं! पालथ्या घड्यावर पाणी."

मुलगा दुसऱ्या शहरात. "एकटी कशाला राहतेस? पडलीस झडलीस तर कळणार कुणाला?" हे त्याचं नेहमीचं पालुपद. "अख्खी गल्ली आहे मला," हे मावशींचं उत्तर. त्या एका वाक्याच्या जोरावर त्या इथे राहत होत्या.

आणि गेल्या आठवड्यात त्या पडल्याच. सकाळी स्वयंपाकघरात पाय मुरगळला आणि बसल्या त्या बसल्याच. फोन वर ओट्यावर चार्जिंगला. हजेऱ्या येत असल्याची टिंगटिंग त्यांना खाली ऐकू येत होती. त्यांची हजेरी मात्र कुणी शोधणार नव्हतं, कारण त्यांनी ती कधी लावलीच नव्हती. हजेरी घेणाऱ्या बाईने स्वतःला पटावर धरलंच नव्हतं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! पाय ठणकत होता, पण मुलाचंच खरं झालं हे त्यांना जास्त लागलं. हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

तेवढ्यात दारावर थाप पडली. "आहात का?" मास्तरांचा आवाज.

"आहे हो! पण उठता येत नाहीये. वरच्या मजल्यावरून किल्ली आणा!"

मी त्यांच्या वरच राहते, किल्ली माझ्याकडे असते. मी धावत खाली आले, दार उघडलं, आम्ही दोघांनी त्यांना खुर्चीत बसवलं. मास्तरांनी खिशातून फोन काढला आणि दोन्ही अंगठ्यांनी झरझर काहीतरी लिहून ग्रुपवर टाकलं. समोरच्या इमारतीतल्या डॉक्टरीणबाईंचं "निघाले" असं उत्तरही लगेच आलं.

मावशी बघतच राहिल्या. "तुम्हाला येतं की हो सगळं!"

"येतं," मास्तर सावधानमध्ये उभे राहून म्हणाले.

"मग रोज मला पायपीट का करायला लावलीत?"

मास्तरांनी मान खाली घातली. "हजर टाकलं असतं, तर तुम्ही आला असता का? आज बराच वेळ वाट पाहिली. शेवटी राहवेना, म्हणून निघालो."

मावशींनी शेजारची खुर्ची हाताने त्यांच्याकडे सरकवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू?

संध्याकाळी मुलाचा फोन आला. "आता तरी येशील ना?"

"नाही रे बाळा," मावशी म्हणाल्या. "सकाळी मला एकांकडे जायचं असतं. पाय बरा होईपर्यंत ते इकडे येणार आहेत."