प्रार्थनेचा रकाना

शाळेतले किस्से मी कधी लिहून ठेवत नाही. तशी गरजच पडत नाही! गणिताच्या वह्या तपासायला घेतल्या की दोन वह्यांच्या मधून एखादा निसटून बाहेर येतोच. परवा मैत्रिणींबरोबर बसले होते, तर एकीनं विचारलं, "अगं, सिस्टरांच्या शाळेत तुझी इतकी वर्षं गेली, बायबल पाठ झालं असेल ना?" म्हटलं, बाई, बायबल राहू दे, मला अजून एक रकाना भरता येत नाही! मग त्या रकान्यावरून जी गाडी सुटली, ती दोनदा चहा झाला तरी थांबेना.

तर आमची शाळा आदिलाबाद जिल्ह्यातली, बेला रोडवरची. पाट्या इंग्रजी, बाजार तेलुगू, मुलं घरी मराठी बोलणारी, आणि आमच्या प्रिन्सिपॉल सिस्टर ॲनी केरळच्या. त्या आमच्याशी हिंदीत बोलतात, भाजीवालीशी मराठीत भांडतात. बहुतेक मुलं बेला-जैनथकडच्या कापूसवाल्यांची, ख्रिस्ती मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. सिस्टरांचं म्हणणं एकच, "जिसको मानते हो, उसी को मानो. पर दिल से मानो!" आवारात कडुनिंबाखाली दोन्ही हात पसरलेला येशूचा पुतळा आहे. मुलं त्याला तेलुगू वळणानं येसय्या म्हणतात. त्याच्यासमोर रोज सकाळी प्रार्थना, आणि प्रार्थनेनंतर दोन मिनिटं शांतता.

आणि मी? मी गणिताची टीचर, सहावीची क्लास टीचर. घरी देवाचं खातं सासूबाईंकडे. मी अगरबत्ती लावते तीसुद्धा एक डोळा गॅसवरच्या दुधावर ठेवून.

* * *

एका वर्षी प्रगतिपुस्तकात नवा रकाना आला. गणित, विज्ञान, सोशल, आणि त्याखाली 'प्रार्थना व श्रद्धा'. ग्रेड ए, बी किंवा सी.

मी कार्ड घेऊन सिस्टरांकडे गेले. "सिस्टर, हे मोजायचं कसं?"

"टीचर, गणित आप पढ़ाती हो. मोजना आपको आता है!"

मी सरळ अख्ख्या वर्गाला ए देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी गठ्ठा परत. "टीचर, पूरी क्लास संत है क्या?"

मग मी पद्धत शोधली. शांततेच्या दोन मिनिटांत जो डोळे घट्ट मिटेल त्याला ए, जो चुळबुळ करेल त्याला बी, आणि जो डोळे उघडे ठेवेल त्याला सी. पण हे पाहायचं तर माझे डोळे उघडे! माझ्याच हिशेबानं मला सी मिळत होता. कोणाला सांगितलं नाही, पण त्या रात्री ते जरा टोचलं.

* * *

कार्डं घरी गेली आणि तिसऱ्या दिवशी एक वडील हजर. डोक्याला पंचा, हातात कार्ड, मागे मुलगा खाली मान घालून.

"टीचर, गनितात सी हाय ते समजलं. पोट्टं कच्चंच हाय. पन प्रार्थनेत बी ग्रेड काऊन?"

मी म्हटलं, "तसं काही नाही हो, थोडी चुळबुळ करतो."

"नाई, पन चुकलं काय ते सांगा ना! घरून करून घेतो. आमी काई माळकरी नाई, पन देवाच्या बाबतीत आमच्या घरात कोनी मागं नाई. ट्यूशन लावाची का?"

मी चाट! माणूस चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं की मुलाच्या प्रार्थनेत उणं काय आहे, आणि मला ते माहीत नव्हतं. मी लाल पेन काढून त्याच्यासमोरच बी चा ए केला. तो मात्र समाधान न होता गेला. जाताना मुलाला सांगत होता, "टीचरलेच पक्कं मालूम नाई वाटते."

* * *

मग सिस्टरांनी प्रार्थनापेटी ठेवली. मनात जे मागायचं असेल ते चिठ्ठीवर लिहा आणि पेटीत टाका, शुक्रवारी आपण सगळे मिळून त्यासाठी प्रार्थना करू. कल्पना चांगली होती, पण आमच्या मुलांना लिहून मागायची एकच पद्धत ठाऊक.

माझ्या वर्गातल्या प्रणयचे वडील जमिनीच्या कागदांसाठी सतत मंडल ऑफिसात, म्हणजे इथल्या तहसिलीत. प्रणयची चिठ्ठी अशी निघाली : 'मा. येसय्या साहेब, दरख्वास्त पेश करतो की मला कबड्डीच्या टीममध्ये घेण्याची मंजुरी मिळावी.' खाली गाव, मंडल, जिल्हा, सही. आणि पाठीमागे पिन लावलेली आधार कार्डाची झेरॉक्स!

सिस्टरांनी त्याला बोलावलं. "बेटा, आधार क्यों?"

प्रणयला प्रश्नच कळला नाही. "त्याच्याशिवाय कोठी काम होते का, सिस्टर?"

हे तरी ठीक. पण दुसऱ्या दिवसापासून तो रोज ऑफिसच्या दारात. "सिस्टर, पोच नाई भेटली."

सिस्टर दोन दिवस विचारात. शेवटी त्यांनी त्याच्या अर्जावर शाळेचा आवक शिक्का मारला, सही केली आणि एक प्रत त्याला दिली. प्रणय ती प्रत कंपासपेटीत घेऊन हिंडायचा. टीममध्ये त्याला घेतलं नाही ते नाहीच, पण तो निश्चिंत. "फाइल वर गेली हाय" म्हणायचा.

"टीचर, मैंने ठीक किया?" सिस्टरांनी मला विचारलं. मी म्हटलं, सिस्टर, मला काहीच कळेनासं झालंय. प्रणयला मात्र मी ए दिला.

* * *

पुढे सिस्टरांनी मुलांना नऊ दिवसांची प्रार्थना शिकवली. एखादी गोष्ट मनापासून हवी असेल तर नऊ दिवस न चुकता मागायची, त्यांच्याकडे तशी रीतच आहे. मुलांचे डोळे चमकले. नऊ दिवस? हे तर आम्हाला येतं!

तिसऱ्या दिवशी प्रार्थनेला चार मुली चक्कर येऊन बसल्या. चौकशी केली तर उपास! निम्मा वर्ग साबुदाण्यावर. दोघं अनवाणी. सिस्टर घाबरून प्रत्येकाला बिस्किटं देत फिरल्या, तर मुलं विचारायला लागली, "याच्यात मैदा हाय का? मैदा चालत नाई."

आणि पुतळ्याच्या पायाशी एक घट बसलेला. मातीचं भांडं, काळी माती, त्यात पेरलेले गहू.

"टीचर, ये कौन रखा?"

मुलांनी एकमेकांकडे बोटं दाखवली. पण मला माहीत होतं. तो रेणुकानं ठेवला होता. बेल्याजवळच्या गावातली सहावीतली पोरगी, दोन वेण्या, बोलायला तिखट. तिचे आबा, म्हणजे आजोबा, तिला रोज मोटरसायकलवर सोडायचे. गेटपाशी गाडी बंद न करताच एक हात कपाळाला लावून येसय्याला नमस्कार करायचे आणि निघून जायचे. त्या वेळी आबा आजारी होते, खाटेवर पडून होते. रेणुकाचं नऊ दिवसांचं मागणं तेच.

सिस्टर तो घट हलवतील असं मला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी लवकर आले तर सिस्टर एकट्याच तिथे. हातात लोटा. गव्हाला पाणी घालत होत्या. मला पाहून जरा ओशाळल्या. "सूख रहा था," एवढंच म्हणाल्या.

नवव्या दिवशी गहू चांगला वीतभर वाढला होता, हिरवागार. दहाव्या दिवशी आबा गेले.

* * *

तेरवी झाल्यावर रेणुका शाळेत आली. प्रार्थनेला सगळे हात जोडून, ही हात पाठीमागे बांधून. डोळे सताड उघडे आणि पुतळ्याकडे पाठ. एक दिवस, दोन दिवस, महिना झाला. परीक्षा आली, माझ्या हातात पुन्हा कार्डं, आणि तो रकाना.

मी तिला बाजूला घेतलं. "रेणुका, प्रार्थना का करत नाहीस गं?"

तिनं एक हात पुढे काढला आणि पुतळ्याच्या दिशेनं करंगळी दाखवली.

"कट्टी हाय आमची."

गणितात मला असं कधी अडकायला झालं नव्हतं. जो देवाला मानतच नाही त्याला सी देता येतो. पण मानल्याशिवाय कट्टी कशी करणार? मी सिस्टरांना जाऊन सांगितलं. वाटलं, रागावतील, नाहीतर हसतील. त्यांनी फक्त विचारलं, "कितने दिन से?"

"महिना होऊन गेला."

सिस्टर हळूच म्हणाल्या, "मेरा एक बार छह साल चला था."



मी रकाना कोरा ठेवला. तर कॉम्प्युटरवाला धावत आला. "मॅडम, ब्लँक सिस्टिम घेत नाही. ए, बी, सी टाका, नाहीतर ॲबसेंट." म्हटलं, टाका ॲबसेंट. घरी जाताना बसमध्ये विचार करत होते, की गैरहजर नक्की कोण होतं? कार्डावर ते लिहायची सोय नव्हती.

* * *

आणि आता हा शेवटचा.

मुलांच्या कट्टीचे नियम तुम्हाला ठाऊकच असतील. ज्याच्याशी कट्टी, तो समोर उभा असला तरी त्याच्याशी बोलायचं नाही. फारच अडलं तर मध्ये तिसरा धरायचा. "तिला सांग, माझं रबर दे म्हणावं." ती शेजारीच असते, ऐकत असते, पण निरोप तिसऱ्यानंच द्यायचा.

एका सोमवारी मधल्या सुट्टीत रेणुका स्टाफरूमच्या दारात आली. चेहरा उतरलेला. तिची आई बाळंतपणासाठी आदिलाबादला दवाखान्यात होती, काहीतरी अवघड झालं होतं, रक्त कमी पडत होतं. वडील तिकडेच.

"टीचर, तुमी सांगा त्याले."

"कोणाला?"

तिनं पुतळ्याकडे न बघता हनुवटीनं दाखवलं. "माझं नाव नका घेऊ."

मी? जिला अगरबत्तीही धड लावता येत नाही? म्हटलं, चल, सिस्टरांकडे जाऊ. तर म्हणाली, "सिस्टर त्याच्याकडच्या हाय. तुमी मधातल्या."

गेले. भर उन्हात कडुनिंबाखाली जाऊन उभी राहिले. ही माझ्यामागे चार पावलांवर, पुतळ्याकडे पाठ करून. हात कसे जोडायचे तेही सुचेना. मी सुरू केलं, "आमच्या वर्गातल्या एका मुलीची आई..."

मागून आवाज, "टीचर, त्याले सांगा, रक्त ओ पॉझिटिव्ह पायजे."

मी सांगितलं.

"सांगा का, आज संध्याकाळपर्यंत पायजे."

तेही सांगितलं.

आणि मग एकदम बारीक आवाजात, "त्याले म्हना, मागच्यासारखं करू नको."

मला रडू फुटलं, खरं सांगते. मी ते वाक्य कसंबसं पुढे पोचवलं. वळले तर रेणुका मान वळवून माझ्या तोंडाकडे बघत होती. "काय म्हनला?"

"ऐकून घेतलं त्यानं."

"ऐकून तर मागंबी घेतलं होतं," ती म्हणाली आणि वर्गात निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत येईना. फोन लावला तर बंद. मी मात्र रोज सकाळी हजेरीआधी कडुनिंबाखाली. कोणी सांगितलं नव्हतं. काय बोलायचं ते माहीत नव्हतं, म्हणून तेच पुन्हा सांगायची : ओ पॉझिटिव्ह, मागच्यासारखं नको. सिस्टर एकदा व्हरांड्यातून बघत होत्या.

शुक्रवारी रेणुका आली. वेण्या नीट घातलेल्या नव्हत्या, पण येताना पळत आली. "टीचर, आई घरी आली! बहीन झाली. त्याले सांगा."

मी तिचा हात धरला. "रेणुका, आता तूच सांग ना. झालं ना तुझं काम?"

तिनं खूप विचार केला. अगदी भागाकार सोडवताना करते तसा, कपाळाला आठ्या घालून.

"नाई," ती म्हणाली. "आबाचं बाकी हाय."

पण हात तिनं सोडला नाही. मला ओढतच कडुनिंबाखाली नेलं, पुतळ्यासमोर उभं केलं, स्वतः पाठ करून उभी राहिली. आणि मोठ्यानं, माझ्याशी बोलल्यासारखं, म्हणाली, "टीचर, त्याले सांगा, पुढच्या रविवारी बारसं हाय. म्हना, मी बोलनार नाई. पन येऊन जाय."