धोंडूआबांचं गाऱ्हाणं

आमच्या मुलुंडच्या कॉलनीत कुणी नवी स्कूटर आणली तरी नारळ घेऊन आधी धोंडूआबांकडे जातं. गिरणी बंद पडल्यावर पुढची सगळी वर्षं लिफ्टमनची नोकरी केलेला हा माणूस एरवी तोंडातून शब्द काढत नाही. पण नारळ पुढे ठेवला की असा आवाज लागतो, की समोरच्या बिल्डिंगमधले लोक गॅलरीत येतात. गाऱ्हाणं घालावं, म्हणजे देवाला ठणकावून मागावं, ते आबांनीच. प्रत्येक मागण्यानंतर जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, आणि एकदा म्हटलं की शब्द फिरवायचा नाही, हा आम्हा कोकणातल्या लोकांचा कायदा.

त्यामुळे बागेतलं मुलांचं मैदान नवं होऊन उघडणार म्हटल्यावर गाऱ्हाणं कोण घालणार, हा प्रश्नच नव्हता. आणि मैदान काय झकास झालं होतं! गंजकी घसरगुंडी गेली, खडीच्या जागी मऊ रबराची जमीन आली, चढायला दोरांची जाळी आली. पोरं सकाळपासून फाटकाला लटकली होती. मीसुद्धा, पन्नाशीची बाई, नव्या घसरगुंडीवर डोळा ठेवून होते. खोटं कशाला बोलू?

आबांचा डोळा मात्र दुसरीकडे होता. त्यांची नात अक्षता चाकांच्या खुर्चीत असते. रोज संध्याकाळी बागेच्या कडेला बसून ती इतरांचे झोके बघायची. या वेळी खुर्चीसकट चढता येईल असा झोपाळा आला होता. आला, आणि माळ्याच्या खोलीमागे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पडून राहिला. ठेकेदार चंद्रप्रकाश सावंत रोज म्हणायचा, "बसवू ना आबा, पुढच्या टप्प्यात." असले पुढचे टप्पे आम्ही पुष्कळ पाहिलेत. माझं तर टाळकं सरकलं होतं. 

उद्घाटनाला नारळ ठेवला. आबांनी टोपी सारखी केली.

"बा देवा म्हाराजा! हंय खेळणाऱ्या पोरांका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोण पडलो-झडलो तर तूच सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

चंद्रप्रकाश मूळचा कुडाळचा. डोळे मिटून, हात जोडून, तो सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता.

"आणि जो झोपाळो मागे पडलो हा, तो ह्या चंद्रप्रकाशाच्या हातान येत्या आयतवारापर्यंत उभो रवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" त्यातही चंद्रप्रकाशचाच आवाज वर. मग त्याने डोळे उघडले.

अख्खी कॉलनी खदाखदा हसत सुटली. पोरं तर नाचायलाच लागली.

"आबा, फसवलात माका!"

"मी खय? तूच व्हय म्हटलंस," आबा म्हणाले आणि नारळ फोडला.

देवापुढे दिलेला शब्द मोडायची कुडाळच्या माणसाची काय बिशाद! रविवारी सकाळी चंद्रप्रकाश स्वतः पाना घेऊन हजर. दुपारी झोपाळा उभा राहिला. आम्ही सगळे गोळा झालो. अक्षताची खुर्ची फळीवर चढली, पट्टे आवळले, आणि आबा मागे उभे राहिले. वर्षानुवर्षं परक्या माणसांना वर नेलेल्या त्या लिफ्टमनने आता नातीची खुर्ची धरली. पहिला झोका त्यांनी जेमतेम हातभर दिला. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, आणि मी ते लपवलं नाही.

अक्षताने मान मागे टाकली आणि ओरडली, "आबा, आणखी वर ने ना!"

"व्हय म्हाराजा!" आबा म्हणाले.