हिराजीकाकांची कोरडी खोली

माणूस जातो, वास्तू उरते, असं म्हणतात. राई गावच्या हिराजीकाकांच्या बाबतीत हे शब्दशः खरं ठरलं. वास्तू म्हणजे एक खोली, वर पत्रे, आमच्या इमारतीमागच्या त्यांच्या भाजीच्या वाडीत, शेवग्याखाली.

काका कुणाकडेही गेले की चप्पल काढून आधी फरशीवर तळपाय दाबून धरायचे. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा नमस्काराच्या आधी म्हणाले, “मास्तर, आतल्या खोलीत वल हाय.” मी बँकेत होतो, पण चष्मेवाला प्रत्येकजण त्यांच्या लेखी मास्तरच. ओल मात्र खरी होती.

त्यांचं मिठागर गेलं, त्यावर आमची इमारत आली. जुन्या घराची ओटीही गेली आणि तिच्यावर बसणारं गुरुवारचं भजनी मंडळ फ्लॅटाफ्लॅटांत विखुरलं. फ्लॅटमध्ये पखवाज वाजला की वरचे बेल वाजवायचे. काकांचा पखवाज गोधडीत गुंडाळून कपाटावर गेला. मंडळ पुन्हा जमवायचं तर वाडीत खोली हवी, आणि ती कोरडी हवी. दमट हवेत पखवाजाचं कातडं सैल पडतं.

कंत्राटदार म्हणाला, “नीचे प्लास्टिक डालो, काका, उपर कोबा.”

“प्लास्टिक फाटतं. तुडवलेला तल फाटत न्हाय,” काका म्हणाले. मिठागराचा तळ चिखल तुडवून घट्ट करतात, म्हणजे पाणी खाली मुरत नाही. खाली जात नाही ते वर तरी कसं येईल, हा त्यांचा हिशोब. त्यांच्या वडिलांच्या मिठागराचा खाडीकडचा एक तुकडा वापराविना पडून होता, तिथली माती टेम्पोतून आली. मंडळातले म्हातारे एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून, गवळण म्हणत ती तुडवत होते. मी गॅलरीतून पाहत होतो. खोली व्हायची होती, मंडळ भरलं होतं.

कोबा झाल्यावर उद्घाटनाला एक इच्छुक उमेदवार आले. ‘सांस्कृतिक केंद्रा’वर बोलले आणि नारळाचा अर्धा भाग घेऊन गेले.

आषाढात जमिनीला घाम फुटला. पखवाज ओल्या उशीसारखा वाजू लागला. मंडळी एकेक करून यायची थांबली. काकांच्या पत्नी काशीकाकी दारात उभ्या राहून त्यांना म्हणाल्या, “जल्माचं मीठ काढलंस. पावसात बरनीतल्या मिठाला पानी सुटतं, त्या न्हाय दिसलं कंदी?”

पावसाळा सरताच काकांनी कोबा फोडला, सगळी माती उपसली, खडी भरली. जाड प्लास्टिक अंथरून कडा भिंतीवर चढवल्या. एखादा खडा टोचू नये म्हणून आधी सगळीकडून तळहात फिरवला आणि मगच काँक्रीट ओतू दिलं. थोडी माती मात्र कुंडीत ठेवली. त्यात काही उगवणार नव्हतं.

“बापसाची हाय, मास्तर. कुठं टाकू?”

पुढच्या आषाढात जमीन खडखडीत होती. पखवाज असा घुमला की गॅलऱ्यांत माणसं आली. बेल कुणी वाजवली नाही. दर गुरुवारी काका आधी तळपाय दाबायचे, मान हलवायचे, मगच बसायचे. तेवढा एक पावसाळा ते बसले. थंडीत गेले.

पखवाज वाजवणारं दुसरं कुणी नव्हतं. एकदोन गुरुवार नुसत्या टाळांवर निघाले, मग तेही थांबले. मी अजून गुरुवारी त्या वेळेला टीव्हीचा आवाज कमी करतो. बायको विचारते, कशासाठी.

काकींच्या परवानगीने हल्ली सोसायटी तिथे सिमेंटच्या गोण्या ठेवते. भर पावसाळ्यातही ओल लागून त्यातल्या सिमेंटचे खडे होत नाहीत.