वाढत्या अंगाचे कोट

लॅब कोट निवडायचं काम मी मागून घेतलं होतं. कॉलेजात अकरावीला केमिस्ट्री मी शिकवते, मग कोट दुसऱ्या कोणी का ठरवायचे? वाशीचा दुकानदार टेरिकॉट पुढे करत होता, इस्त्री लागत नाही म्हणून. मी त्याला झापलं. ते कापड आगीत वितळून कातडीला चिकटतं, मला सुतीच हवं आणि बाह्या पूर्ण हव्यात.

मापं देताना मात्र घरची सवय नडली. माझ्या लेकाचा प्रत्येक युनिफॉर्म मी वाढत्या अंगाचाच घेत आले. तशीच बोलून गेले, "सगळे एक साइज मोठे द्या. बारावीलाही चालतील." पालक खूश झाले.

दुसऱ्याच प्रॅक्टिकलला वर्गातली सगळ्यात लहानखुरी मुलगी बर्नरपलीकडची बाटली घ्यायला गेली आणि तिची लोंबती बाही ज्योतीत आली. मी झडप घालून विझवली, तरी मनगटावर फोड आलाच. नळाखाली तिचा हात धरून मी उभी होते आणि तीच मला म्हणत होती, "सॉरी मॅम, बाही दुमडायला विसरले."

संध्याकाळी तिची आई तळोज्याहून, कंपनीतली ड्युटी संपवून आली. चूक माझी आहे हे सांगायला मी तोंड उघडलं, तोवर तिने जळका कोट हातात घेऊन बाही मुलीच्या हाताला लावून पाहिली.

"एवढं जळकं कापून टाकते, मॅडम," ती म्हणाली. "आता बरोबर मापात बसेल."