नानांनी पारखलेला जावई

धुळ्याचा रुपचंद ट्रकमधून केळी घेऊन दिल्लीपर्यंत जायचा. कमाई चांगली होती. घरावर स्लॅब पडला होता आणि गल्लीतला पहिला रंगीत टीव्ही त्याच्याकडेच आला होता. तरी "ड्रायवरले कोण पोर दी?" म्हणत मोतीलालनानांनी आपल्या मुलीसाठी, मंजुळेसाठी, त्याला साफ नकार दिला.

त्याच उन्हाळ्यात नाना पुतण्याच्या लग्नाला जळगावला निघाले आणि पारोळ्याजवळ एसटी बंद पडली. मागून नेमका रुपचंदचा ट्रक आला. नाना कुरकुरत केबिनमध्ये चढले.

"हळू हाक भाऊ. माले लगनमा जानं शे, मसनमा नही!"

एरंडोल येईस्तोवर नाना रुपचंदच्याच खांद्यावर मान टाकून घोरायला लागले. बिचारा जपून गियर बदलत राहिला. ट्रक मांडवापाशी थांबला तरी नानांना जाग नव्हती. आधीच आलेली मंजुळा केबिनपाशी आली आणि तिने त्यांना हलवलं.

"नाना, याना खांदावर तुम्ही निवांत झोपतस, अन माले याना घर धाडाले भ्यातस?"

वऱ्हाडी खो खो हसले. रुपचंद लाजून स्टिअरिंग पुसत बसला.

दिवाळीनंतर दोघांचं लग्न झालं. आता नाना पारावर ऐटीत सांगतात, "जावई मी सोता गाडीत बसून पारखेल शे."